देवीचा उजवा हात

गेल्या महिन्यात फोनवर तू मला जो प्रश्न विचारलास, त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. माझं दूध गॅसवर होतं आणि तुझा धाकटा भाऊ मागे ओरडत होता, ही दोन्ही कारणं खरी आहेत. पण मुख्य कारण हे की मला उत्तर येत नव्हतं.

तुझ्या वर्गातल्या मैत्रिणीचं म्हणणं असं होतं : जगात कुठेही जा, माणसं कुणाला तरी हात जोडतात. आणि कुठेही जा, सुंदर काही दिसलं की माणसं थांबतात. मांजर सूर्यास्त बघत बसत नाही. या दोन्ही सवयींनी पोट भरत नाही, मग त्या आपल्यात आल्या कुठून? कुणीतरी निर्माण करणाऱ्याने घातल्या असल्या पाहिजेत. तू म्हणालीस, "आजी, मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. तू तर शाळेत विज्ञान शिकवायचीस आणि रोज संध्याकाळी दिवाही लावतेस. मग तुझं नक्की काय?"

मी म्हटलं, लिहून कळवते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि तुम्हालाही इंग्रजी सोपं जातं, तरी हे मराठीतच लिहिते आहे. यातली माणसं ज्या भाषेत बोलली ती बदलली तर त्यांचं बोलणंच राहणार नाही. अडेल तिथे आईला विचारा. फोननंतर इथे एक गोष्ट घडली. तिचा तुझ्या प्रश्नाशी संबंध आहे असं मला वाटतं, आजोबांना वाटत नाही.

तुम्ही दोघं इथे आला होतात तेव्हा फार लहान होतात, म्हणून आधी आजोबांच्या कामाबद्दल सांगते. दागिन्यावर जी उठावाची पानं, फुलं, देव दिसतात, ती सोनार दर वेळी नव्याने घडवत नाही. ती नक्षी आधी लोखंडाच्या ठोकळ्यात खोल कोरलेली असते. त्या ठोकळ्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, वर शिशाचा तुकडा ठेवायचा आणि हातोड्याने ठोकायचं. पत्रा खळग्यात दाबला जातो, आणि सोडवून घेतला की जे खोल होतं ते उठून आलेलं असतं. त्या ठोकळ्याला डाय म्हणतात. आपल्या तारापूर-चिंचणीकडे कितीतरी घरांतून डाय कोरण्याचं काम चालतं. कोरायचं मात्र उलटं. खोल ते वर येतं आणि उजवं ते डावं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा आजोबा मला म्हणाले होते, "मी दिवसभर आरशाच्या आतल्या बाजूला बसलेला असतो." मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं. पुढे कळलं की ती नुसती गंमत नव्हती. रस्त्याने जाताना दुकानाची पाटी दिसली तरी ते मनात ती उलटी करून बघतात.

हल्ली बऱ्याचशा डाय कॉम्प्युटरवर मशीन कोरतं. आजोबांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नवं काम घेणं बंदच केलं होतं. खिडकीजवळचं टेबल, भिंग, हत्यारं सगळं मी पुसून जागच्या जागी ठेवत होते, इतकंच.

दिवाळीनंतर एका सकाळी मावशी आल्या. आपल्याकडे मासळी घेऊन येतात त्या. नात्याने कुणी नाहीत, पण तुमची आई लहानपणापासून त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणते, नाहीतर वयाने आम्ही बरोबरीच्या. त्या दिवशी दोन्ही सुना बरोबर होत्या. पाटी उतरवून त्या थेट आजोबांकडे वळल्या.

"भाऊ, काम हाय तुमच्याकडं. मासळीचं नाय, देवाचं."

कमरेच्या पिशवीतून त्यांनी लाल कापडाची पुरचुंडी काढली. आत टाक होता. टाक म्हणजे चांदीच्या छोट्या पत्र्यावर उठवलेली कुलदेवी, देव्हाऱ्यात ठेवतात ती. हा मावशींच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला. रोज हळदकुंकू लावून आणि सणाला घासून त्याचा उठाव पार झिजला होता. देवी उभी आहे आणि तिने उजवा हात वर केला आहे एवढं कळत होतं. चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा होता.

मावशींचा थोरला होडीवर जातो. धाकटा कारखान्यात लागला आणि आता त्याने बोईसरजवळ सरावलीला खोली घेतली होती. तो बायकोला घेऊन तिकडे राहायला जाणार, म्हणून त्याच्या घरी दुसरा टाक हवा होता.

"देवी थोरल्याकडंच ऱ्हानार, तशी रीत हाय," मावशी म्हणाल्या. "पन मंग धाकटा म्हनंल, देवी तुज्याकडं तर आय बी तुज्याकडं. आन् थोरली म्हनंल, देवी आमच्याकडं म्हनून म्हातारी बी आमच्याच गळ्यात. मी जाऊ कुटं?"

हे त्या हसत म्हणाल्या. दोन्ही सुना मात्र हसल्या नाहीत. मावशींनी टाक दोन्ही हातांनी आजोबांपुढे धरला. "मला दोन्ही घरात हीच पायजे. अगदी सेम."

"हातात काय आहे तिच्या?" आजोबांनी भिंग लावून विचारलं.

"तलवार," थोरली सून म्हणाली.

धाकटी ओट्यावर बसून माझ्यासाठी सुरमई कापत होती. तिथूनच म्हणाली, "मला तर फूल वाटतं."

"माजी सासू वल्हं म्हनायची," मावशी म्हणाल्या.

"देवी काय वल्हं मारती?"

"मंग होडी काय तुजा नवरा एकटाच चालवतो?"

थोरली गप्प झाली, पण तिला कुठेतरी बोलायचं होतंच. ती माझ्याकडे वळली. "बगा ना बाई, हिची सुरी बगा. सगळं डाव्या हातानं. मी हिला निवद वाडू देत नाय. डाव्या हाताचा देवाला चालतो काय?"

धाकटीने मान वर केली नाही. "सुरमईला विचारा. तिची काय तक्रार नाय."

आजोबांनी शेवटी विचारलं की चेहरा कसा करू. मावशींनी अंगठा त्या गुळगुळीत उंचवट्यावरून फिरवला आणि म्हणाल्या, "तोंड मला ठाऊक हाय. तुमी फकस्त जागा ठेवा. आन् हातात जेवडं दिसतंय तेवडंच करा. ज्याला जे वाटंल ते वाटू दे."

काम घ्यायचं नाही असं ठरवलेला माणूस "बघू" म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं. पण टाक ठेवून जायला मावशी तयार नव्हत्या. देवी रात्रीची घराबाहेर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग आजोबांनी थोडी शाडूची माती भिजवली, टाकावर तेल लावलं आणि मातीत त्याचा ठसा घेतला. मावशी देवी कमरेला बांधून गेल्या आणि आमच्याकडे माती राहिली.

आता खिडकीतल्या टेबलावर पुन्हा उजेडाची वेळ पाळली जाऊ लागली. ऊन येतं तोवर काम, ऊन गेलं की बंद. मी भाजी निवडायला तिथेच बसू लागले. लोखंडात देवी खोल खोल जात होती. एके दिवशी मी तुझा प्रश्न काढला.

"अहो, हा खळगा बघून कुणालाही कळेल की यात काहीतरी बसायचं आहे. तसाच माणसाच्या मनात देवाचा खळगा असेल, तर त्यात बसणारं कुणीतरी असेलच ना?"

"हे तू म्हणतेस की नातीची मैत्रीण?"

"मी नुसतं विचारते."

त्यांनी भिंग कपाळावर चढवलं आणि मागच्या कपाटाकडे मान केली. "त्यात किती डाय पडून आहेत ते तूच दर दिवाळीला पुसतेस. डिझाइन जुनं झालं, गिऱ्हाईक फिरलं, आणि त्यातून कधी काही निघालंच नाही. खळगा आहे म्हणून बसणारं येतंच असं नाही."

"पण कोरलं कुणीतरी."

"ते तर कोरलंच," ते म्हणाले, आणि मी त्यांचंच कौतुक केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

मला मात्र तेवढ्यावर थांबता येईना. आपल्या किनाऱ्यावर भरती उतरली की काळ्या खडकांत खळगे दिसतात, वाटीसारखे गोल. ते कुणी कोरले नाहीत. पाणी येऊन जाऊन झाले. मी हे आजोबांना सांगितलं.

"म्हणजे तूच मुद्दा मांडलास आणि तूच खोडलास," ते म्हणाले. "आता उजेड आहे तोवर मला काम करू दे."

सौंदर्याबद्दलही मी विचार करून पाहिला. बोईसरला शाळेच्या वरच्या गॅलरीतून थंडीत असे सूर्यास्त दिसायचे की मुलं दप्तरं तशीच टाकून कठड्याशी उभी राहायची. लाल, मग जांभळा, मग राखेसारखा. मी विज्ञानाची बाई, मला माहीत होतं की त्या रंगांत कारखान्यांच्या धुराचाही वाटा आहे. खोकणारी मुलंही तिथेच उभी राहून बघायची. तेव्हा, सुंदर आहे म्हणून ते कुणी भल्यासाठी केलं असेल, असं मी म्हणणार नाही. पण मुलं थांबायची ही गोष्ट उरतेच. धुराने रंग कसा येतो ते मी फळ्यावर समजावलं आहे. तो बघायला दप्तर टाकून का धावावं, हे मला कधी फळ्यावर मांडता आलं नाही. जे शास्त्रज्ञ म्हणतात की पिकलेलं फळ आणि निरोगी जोडीदार ओळखायला ही आवड उपयोगी पडली, तेही मी वाचलं आहे. फळापर्यंत मला पटतं.

आणि आजोबांनी काय केलं बघ. देवीच्या भोवती, पत्र्याच्या अगदी कडेने, त्यांनी बारीक मण्यांची ओळ कोरली. जुन्या टाकावर तसं काही नव्हतं. मावशींनी मागितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी एकेक मणी भिंगाखाली नीट गोल करत बसले होते.

"हे कशासाठी?"

"रिकामं बरं दिसेना."

"कुणाला?"

त्यांनी थोडा विचार केला. "लोखंडाला," म्हणाले, आणि पुन्हा वाकले.

डाय पूर्ण झाली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. चांदीचा पत्रा ठेवला, शिसं ठेवलं, ठोकलं. पत्रा सोडवून तळहातावर घेतला. फार देखणी देवी आली होती. मण्यांच्या ओळीत उभी, चेहऱ्याच्या जागी मऊ उंचवटा, हातात एक दांडी आणि तिचं टोक थोडं फुललेलं. तलवार म्हणा, फूल म्हणा, वल्हं म्हणा.

मी म्हणाले, "सुरेख." आजोबांनी तळहात खिडकीच्या उजेडाकडे नेला. मग मला दिसलं. वर केलेला हात डावा होता.

ही चूक नवख्याच्या हातून होणारीच नाही. मातीत घेतलेला ठसा आधीच उलटा होता, डाय जशी असायला हवी अगदी तसा. जसाच्या तसा लोखंडात उतरवला असता तर झालं असतं. पण समोर जे आहे ते उलटं करून कोरायचं, ही आजोबांच्या हाताला जन्माची लागलेली सवय. त्यांनी उलट्याचं उलटं केलं. खरा टाक समोर असता तर झटकन लक्षात आलं असतं. तो तर रोज रात्री मावशींच्या देव्हाऱ्यात झोपायला जात होता.

"असं कधी झालं नव्हतं," ते म्हणाले. त्यांचा चहा निवत होता. "मी नवी कोरतो."

"डोळ्यांना झेपेल?"

"कोरतो," ते पुन्हा म्हणाले.

मावशी दुसऱ्याच दिवशी आल्या, दोघी सुनांना घेऊन. आजोबांनी लपवालपवी केली नाही. ताडून बघायला मावशींनी आणलेला जुना टाक मागून घेतला, नव्याच्या शेजारी ठेवला आणि काय झालं ते सांगितलं.

थोरली आधी बोलली. "उलटी झाली. ही आपली नाय."

मावशी दोन्हींवर वाकल्या. "भाऊ, काम लय नाजूक केलं तुमी. पन मला सेम पायजे व्हती. एका घरात उजवी, एका घरात डावी, मंग मी दोगांना काय सांगू? उंद्या म्हनतील आमची खरी, तुमची खोटी."

"दुसरी करून देतो," आजोबा म्हणाले. "ही वितळवून टाकू."

"ही वितळवनार?" धाकटी सून पुढे आली. "नका वितळवू. मला हीच द्या."

"तुला काय कळतं?" थोरली म्हणाली.

"मला एवडं कळतं का ही माज्या हातचा निवद खाईल."

मी मुद्दाम थोरलीकडे पाहिलं नाही. मावशी म्हणाल्या, "अगं, सेम पायजे ना पन."

"आय, तुमीच बोल्लात ना, तोंड तुमाला ठाऊक हाय? मंग तोंड बगा. हात कशाला बगता?"

मावशींनी नवा टाक उचलला. ज्या अंगठ्याने जुन्या देवीचा चेहरा झिजवला होता तोच त्यांनी नव्या चेहऱ्यावरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, जणू मासळी ताजी आहे का ते बघत होत्या. आणि म्हणाल्या, "हाय. तीच हाय." मग धाकटीला, "घे. पन मी आले का कुकू मी लावनार. उजव्या हातानं."

सरावलीला टाक बसवायच्या दिवशी आम्हाला बोलावणं होतं. एकच खोली आहे, पण चुन्याचा नवा हात दिलेला. देव्हारा म्हणजे भिंतीतली फळी. शेजारच्या खोलीतली बाई दारातून डोकावली आणि हिंदीत विचारती झाली की भाभी, ही कुठली माताजी. "हमारी है," धाकटी म्हणाली, आणि तिने डाव्या हाताने नैवेद्याचं ताट पुढे सरकवलं. तिच्या नवऱ्याने आईकडे पाहिलं. मावशींनी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. थोरलीही आली होती. जाताना ती दोन केळी फळीवर ठेवून गेली.

आता माझं 'नक्की काय' ते सांगते. सरावलीहून घरी आल्यावर मी आजोबांना म्हटलं, "पाहिलंत ना? डावखुऱ्या बाईला डावखुरी देवी आवडली. म्हणजे माणूस देव आपल्यासारखा करून घेतो."

"असेल," ते म्हणाले. "पण ती मी केली नव्हती. मला उजवीच करायची होती."

"चुकून झाली."

"चुकूनच झाली," त्यांनी मान्य केलं.

आणि यावरून मी दोन्हीकडे जाऊ शकते. तुझ्या मैत्रिणीच्या बाजूने असते तर म्हणाले असते की त्या मुलीला जी हवी होती ती कुणीतरी पाठवली, आजोबांचा हात फक्त वापरला. तुझ्या बाजूने असते तर म्हणाले असते की रोज जगात हजारो चुका होतात, एखादी कुणाच्या तरी उपयोगाची निघणारच. शिक्षिका म्हणून दुसरं उत्तर मला जास्त बरोबर वाटतं. पण खडकातल्या त्या खळग्यांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आजोबांशी वाद घालताना मी ते 'कुणी कोरले नाहीत' म्हणून पुढे केले होते. काल भरती उतरल्यावर मी मुद्दाम जाऊन पाहून आले. त्यांत जे पाणी बसलेलं असतं, त्यानेच ते कोरलेले असतात. म्हणजे तिथे कोरणारा आणि बसणारा एकच. हे तुझ्या मैत्रिणीला सांग, पण हा पुरावा आहे असं सांगू नकोस. मला ते नुसतं पाहावंसं वाटलं, आणि पाहिल्यावर घरी यावंसं वाटेना.

दिवा मी रोज लावते तो याच कारणाने. तिथे कुणी आहे अशी माझी खात्री नाही. जागा मात्र आहे, आणि ती रिकामी बरी दिसत नाही. हे वाक्य आजोबांचं आहे, त्यांना न विचारता वापरलं.

सरावलीचं एक राहिलं. आम्ही निघालो तेव्हा धाकटा मुलगा आईला म्हणाला, "आय, आज हितंच ऱ्हा."

"आन् सकाळच्याला बंदरावर कोन जाईल, तुजी कंपनी?" मावशींनी त्याला फटकारलं. मग मोरीशी गेल्या. कमरेच्या पिशवीतून, आमच्याकडे येताना जिथे देवी असायची तिथून, त्यांनी सकाळी दातांना लावायच्या मशेरीची एक नवी कोरी डबी काढली. थोरल्याच्या घरच्या मोरीवर त्यांची एक डबी असतेच, मी पाहिली आहे. ही दुसरी त्यांनी इथल्या मोरीच्या कट्ट्यावर ठेवली, जरा मागे सरकवली, पाणी उडणार नाही अशी, आणि आमच्याबरोबर रिक्षात येऊन बसल्या.